सत्तरीनंतरचे आकडे

दहा हजार पावलांचा आकडा कोणत्याही वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. १९६५मध्ये जपानमधल्या एका कंपनीने कमरेला लावायचे, पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले आणि त्याच्या नावातच हा आकडा घातला. विक्रीसाठी निवडलेली ती गोल संख्या आज मोबाइलमध्ये आणि मनगटावरच्या घड्याळात ठाण मांडून बसली आहे. पुण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या कुठल्याही बागेत सकाळी सातला जाऊन बसा. पंचाहत्तरीचे कुणी काका गुडघा चोळत सांगतात, "आज साडेआठच झाली, उरलेली संध्याकाळी पार्किंगमध्ये फेऱ्या मारून पुरी करतो." गुडघा पुरे म्हणत असतो, पण मोबाइल अजून पुरे म्हणालेला नसतो.

या आकड्याची नीट तपासणी व्हायला अर्धशतक जावे लागले. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये अमेरिकेतल्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. प्रत्येकीने आठवडाभर यंत्र लावून पावले मोजली आणि पुढे सरासरी चार वर्षांहून थोडा अधिक काळ त्यांची खबर ठेवली गेली. दिवसाला साधारण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघाले. साडेसात हजारांच्या पुढे जास्त चालण्याचा जास्त फायदा दिसेनासा झाला. काकांच्या गुडघ्याच्या दृष्टीने ही सुवार्ताच म्हणायची.

पण लगेच ४,४०० हा नवा मंत्र जपायला घेऊ नये. आजारी माणूस मुळातच कमी चालतो. जिला चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, तिची पावले अडीच-पावणेतीन हजारांवर अडतात आणि तिचे आयुष्यही बहुधा थोडेच उरलेले असते. पावले कमी पडली म्हणून मृत्यू आला, की मृत्यू जवळ येत होता म्हणून पावले कमी पडली? संशोधकांना ही अडचण चांगली ठाऊक होती आणि त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हांनी हिशेब करून पाहिला. तरी नुसत्या पाहणीतून हा गुंता पुरता सुटत नाही. शिवाय या बायका आरोग्यसेवेत नोकऱ्या केलेल्या, बहुतांश गोऱ्या, बऱ्या परिस्थितीतल्या. आणि ४१ टक्के हे कशातले? त्या सगळ्या काळात एकूण ५०४ जणी वारल्या, म्हणजे शंभरात तिघी. मथळ्यात ४१ येते, तीन येत नाही.

पाहणीवर फार भिस्त ठेवली की काय होते, याचे मोठे उदाहरण पाळी गेल्यानंतर घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांचे आहे. या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो असे अनेक पाहण्या सांगत होत्या, आणि त्या भरवशावर डॉक्टर गोळ्या लिहून देत होते. मग अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत वाटणी केली गेली. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली. जुलै २००२मध्ये हा प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. हृदयविकार कमी होण्याऐवजी थोडा वाढलेला दिसला आणि स्तनांचा कर्करोगही वाढला. आधीच्या पाहण्या फसल्या त्याचे एक मोठे कारण असे, की गोळ्या घेणाऱ्या बायका शिकलेल्या, खात्यापित्या घरातल्या, वेळच्या वेळी तपासण्या करून घेणाऱ्या होत्या. त्यांच्या तब्येतीचे श्रेय गोळी खाऊन जात होती.

त्यानंतर वर्तमानपत्रांनी जे केले ते याच्या उलट दिशेचे. कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो, हा मथळा जगभर गेला. मूळ आकडे असे होते: दहा हजार बायकांमागे वर्षाला ३०ऐवजी ३८. वाढ खरी आहे, तिला कमी लेखू नये. पण दहा हजारांत आठ आणि २६ टक्के या दोन वाक्यांनी पोटात येणारा गोळा सारखा नसतो. प्रयोगातल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते, तर त्रास असह्य होऊन या गोळ्यांसाठी दारात येणाऱ्या बऱ्याच जणी पन्नाशीच्या आसपासच्या. त्यांनीही धसका घेतला. आधी भरवसा वाजवीपेक्षा जास्त, मग भीती वाजवीपेक्षा जास्त.

दीर्घायुष्याच्या गोष्टींबाबत तर आपण सगळेच भाबडे असतो. ओकिनावा, सार्डिनिया, इकारिया ही नावे आता आपल्या पुरवण्यांमध्येही रुळली आहेत: तिथले लोक शंभरी गाठतात, का, तर ते अमुक खातात, तमुक करतात. पण वयाचा दाखला कोणी पाहिला? २०१०मध्ये टोकियोत १११ वर्षांचे म्हणून नोंद असलेले एक गृहस्थ प्रत्यक्षात तीसेक वर्षांपूर्वीच वारल्याचे उघड झाले. देह घरातच होता आणि पेन्शन चालू होती. मग जपान सरकारने कागद तपासले, तेव्हा शंभरी ओलांडलेल्या दोन लाख तीस हजारांहून अधिक माणसांचा ठावठिकाणाच लागेना. सॉल न्यूमन या संशोधकाने याच धाग्यावर बोट ठेवले. अमेरिकेत ज्या राज्यात जन्मनोंदणी सक्तीची झाली तिथे अतिवृद्धांची संख्या घटते, असे त्याने दाखवले. या कामाला २०२४चे इग नोबेल मिळाले. त्या प्रदेशांचा अभ्यास करणारे म्हणतात की आम्ही दाखले तपासले आहेत. वाद मिटलेला नाही.

आपल्याला याचे नवल वाटायचे कारण नाही. महाराष्ट्रात साठी-सत्तरीच्या असंख्य माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख लिहिली. गावाकडच्या आजी आपले वय कोयनेच्या भूकंपावरून नाहीतर बहात्तरच्या दुष्काळावरून काढतात, तेव्हा मी एवढी होते असे हाताने दाखवून. जनगणनेत पाच आणि शून्याने संपणाऱ्या वयांची गर्दी होते, हे लोकसंख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. आणि वय पक्के असले तरी कारण पक्के होत नाही. महर्षी कर्वे १०४ वर्षे जगले आणि हिंगण्याहून पुण्याला पायी जात असत, हे खरे आहे. त्यांच्याइतकेच चालून साठीत गेलेल्यांची यादी मात्र कोणी केलेली नाही.

एवढे वाचल्यावर चांगला वाचकही वैतागतो. २०१३मध्ये जोनाथन शोएनफेल्ड आणि जॉन आयोनिडिस या दोघांनी एका पाककृतींच्या पुस्तकातून ५० जिन्नस निवडले आणि त्यांचा कर्करोगाशी संबंध कोणी तपासला आहे का ते शोधले. ४० जिन्नसांवर अभ्यास सापडले, आणि बहुतेक अभ्यासांनी धोका वाढतो किंवा कमी होतो असा काही ना काही कौल दिला होता. यावरून सगळे संशोधन म्हणजे कंपन्यांचा धंदा, असा सूर लावणे फार सोपे. हा सूर लावणारे बरेच जण त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर आलेला काढा उकळायला ठेवतात. हजारोंवर करून पाहिलेल्या प्रयोगावर संशय आणि नाव-गाव नसलेल्या निरोपावर श्रद्धा, याला चिकित्सा म्हणत नाहीत. मला तर भाबडेपणापेक्षा हा सरसकट अविश्वास जास्त घातक वाटतो, कारण त्याला शहाणपणाचा वास येतो.

"आता या वयात बीपीची गोळी कशाला?" हे वाक्य घराघरांत ऐकू येते. तो प्रश्न खरोखरच विचारला गेला होता. ८० वर्षांवरच्या, वरचा दाब १६० किंवा त्याहून जास्त असलेल्या ३,८४५ जणांवरचा प्रयोग २००८मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या गोळ्या, आणि लक्ष्यही माफक, दीडशेपर्यंत खाली आणण्याचे. मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले आणि प्रयोग वेळेआधी थांबवून फायदा जाहीर करावा लागला. भाग घेतलेले लोक त्या वयाच्या मानाने बरेच धडधाकट होते, हे लक्षात ठेवायचे. पण या वयात उपयोग नाही, असे कोणी म्हणू नये.

आणि उलट ॲस्पिरिन. रक्त पातळ करण्याची छोटी गोळी पन्नाशीनंतर घेतलेली बरी, असा समज इतका पसरला की शेजाऱ्याने शेजाऱ्याला ती सुचवावी. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ वृद्धांवर, बहुतेक सत्तरीच्या पुढचे आणि हृदयविकार नसलेले, ॲस्प्री नावाचा प्रयोग झाला. २०१८मध्ये निकाल आला: रोज १०० मिलिग्रॅम घेऊनही फायदा नाही, आणि गंभीर रक्तस्राव शंभरात २.८ऐवजी ३.८ जणांना.

या प्रयोगाबद्दल मला विशेष आदर आहे तो त्याच्या मोजपट्टीमुळे. वृद्धांवरचे संशोधन पुष्कळदा झटके मोजते, रक्तातली साखर मोजते, मृत्यू मोजते. इथे संशोधकांनी मुख्य प्रश्न असा ठेवला: किती जण स्मृतिभ्रंश न होता, अंथरुणाला न खिळता, स्वतःचे स्वतः करत जगले? सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारले तर तो हेच सांगेल. अभ्यास वाचताना आपण किती माणसे, किती वर्षे, पैसे कुणाचे, हे विचारायला शिकलो आहोत. मोजले काय, हे विचारायचे राहून जाते. आणि ज्या प्रश्नाचे मोजमाप झालेच नाही त्याचे उत्तर त्या अभ्यासात शोधण्यात अर्थ नसतो. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या संस्थेने चालवलेल्या राष्ट्रीय पाहणीने पंचेचाळिशीवरची माणसे आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती गोळा केली आहे, ही मोठीच गोष्ट. पण मला माझ्या म्हातारपणात काय टिकवायचे आहे, हे तीही पाहणी मला सांगू शकत नाही.

अतुल गवांदे यांनी 'बीइंग मॉर्टल' या २०१४च्या पुस्तकात आपल्या आजोबांबद्दल लिहिले आहे. विदर्भातल्या उटी गावचे शेतकरी, एकशे दहाच्या घरात पोहोचलेले, घरात मानाने जगणारे, शेतावर चक्कर मारल्याशिवाय चैन न पडणारे. त्या वयाच्या नोंदीवर शंका घेता येईल. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की अशा म्हातारपणाच्या मागे सुना-नातवंडांचे सगळे घर राबत असते. एकत्र कुटुंबाने आयुष्य वाढते असे सांगणाऱ्या लेखांत सासऱ्यांचे वर्ष वाढलेले दिसते. सुनेची पाठ किती गेली याचा रकाना त्यांत नसतो. चांगले म्हातारपण म्हणजे काय, याचा विचार करताना हा रकाना आपणच आखला पाहिजे. कुणाला आंघोळ शेवटपर्यंत स्वतःची स्वतः करायची असते, कुणाला दिवाळी अंक वाचण्यापुरती नजर हवी असते, कुणाला लिफ्ट नसलेल्या इमारतीतून रोज एकदा खाली उतरायचे असते. त्यासाठी कुणी दोन वर्षे कमी जगायलाही तयार असेल. कोणी ऐंशीव्या वर्षी गोड सोडायचे नाही असे ठरवले, तर त्याला अडाणी म्हणायची घाई करू नये. त्याने हिशेब केलेला असू शकतो.

हा लेख वाचून कोणी ॲस्पिरिन आपणहून बंद करू नये. ज्यांना झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसवलेला आहे, त्यांच्याबद्दल तो प्रयोग नव्हता. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे आणि मुलीने परदेशातून पाठवलेली व्हिटॅमिनची बाटलीसुद्धा एका पिशवीत घालून न्या. प्रत्येकीबद्दल विचारा: ही कशासाठी, माझ्या वयाच्या माणसांवर तपासली आहे का, शंभरातल्या किती जणांना उपयोग होतो, थांबवली तर काय होईल. आणि तुम्हाला काय जपायचे आहे तेही सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगा.