आकाशातून काय पाहिले?

सज्जनहो, आपल्या बीडकडचा माळकरी पंढरीला पायी जातो. तोच केदारनाथी गेला की कधी हेलिकॉप्टरात बसतो. गौरीकुंडाची सुमारे १६ किलोमीटरांची चढण खालीच राहते, काही मिनिटांत धाम येते. हिमशिखरे दिसतात, वाटसरू मुंगीएवढे दिसतात. घरी येऊन तो म्हणतो, "महाराज, डोळ्यांचे पारणे फिटले!" फिटो बापडे! थकल्या गुडघ्यांनी वाहन घेतले, त्यात पाप नाही. पण वरून मुंगीएवढा दिसलेला माणूस खाली उतरल्यावरही तेवढाच दिसू लागला, तर यात्रा बुडाली म्हणून समजा.

जून २०१३ च्या प्रलयात याच आकाशात वायुदलाची हेलिकॉप्टरे फिरली. जवानांनी शोभा पाहिली नाही. दरीत अडकलेला एकेक जीव पाहिला. २५ जूनला गौरीकुंडाजवळ एक हेलिकॉप्टर कोसळले, २० जण सेवेतच गेले. उंचावरून पाहणे ते असे!

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, ते कशाला? शिखर पाहून आलात ना? मग सहा महिने ऊस तोडून परतलेला शेजारी दारी उभा आहे, त्याला आधी नमस्कार करा. परळीचा वैजनाथ तेथेच भेटेल, केदारही तेथेच.

रामकृष्णहरि!