दुरून केलेला स्पर्श आणि कर्तेपणाचा प्रश्न

टेबलावरच्या संगणकावरून बिनतारी जोडणीने मोबाइल चालवता येतो. फोन पलीकडच्या खोलीत चार्जिंगला लावलेला असला तरी त्याची स्क्रीन संगणकावर दिसते आणि माउसने तिथे क्लिक केले की फोनवर बोट टेकवल्यासारखे काम होते. 2018 साली आलेली स्क्रीनकॉपी ही मोफत प्रणाली याचा साधा नमुना आहे. फोन आपल्या स्क्रीनचा व्हिडिओ सतत वायफायवरून संगणकाकडे पाठवतो. क्लिक नेमके कुठे झाले एवढेच संगणक उलट कळवतो आणि अँड्रॉइड त्या जागी स्पर्श घडवून आणते. हा स्पर्श बोटाचा की माउसचा, हे फोनमधल्या ॲपला सहसा कळत नाही. सांख्य तत्त्वज्ञांनी प्रकृती-पुरुषांसाठी दिलेला, आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घेतल्याचा दाखला या जोडीला चांगला लागू पडतो. मोठा पडदा आणि कीबोर्ड एकाकडे, तर सिम, नंबर आणि बँकेचे खाते दुसऱ्याकडे.

अशा स्पर्शाने एखाद्याचे पैसे गेले किंवा कुणाच्या नावाने भलताच मजकूर गेला, तर ते कर्म कोणाच्या खाती मांडायचे? हा प्रश्न जुनाच आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. इथे फोन हे अधिष्ठान, खुर्चीतला माणूस कर्ता, माउस आणि प्रणाली ही करणे, तर वायफायवरून चाललेली ये-जा म्हणजे चेष्टा. दैवाचे काम खेड्यात बहुधा वीजमंडळ करते. एकट्या कर्त्यावर सारे कर्म लादणारा नीट पाहत नाही, असेही गीता तिथेच सांगते. त्याचा अर्थ ‘मी काहीच केले नाही, यंत्राने केले’ असा घेणे मात्र सोयीचे असले तरी चुकीचे आहे. औंध संस्थानात सुमारे तीस वर्षे राहून स्वाध्याय मंडळाचे काम करणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी आपल्या गीताटीकेला ‘पुरुषार्थबोधिनी’ हे नाव दिले. गीता हातपाय गाळून बसायला शिकवत नाही, हे त्या नावातच आले.

पाच कारणांत न मोजलेली एक गोष्ट तेराव्या अध्यायात येते. देहातला पुरुष तिथे नुसता साक्षी नाही, अनुमती देणाराही आहे. बिनतारी जोडणीत ही अनुमती डोळ्यांना दिसते. अँड्रॉइड 11पासून वायफायवरून जोडणी करताना फोनवर सहा आकडी कोड उमटतो आणि तो संगणकावर टाकावा लागतो. शिवाय या वायफायवर अशी जोडणी चालू द्यायची का, असे फोन विचारतो आणि ‘नेहमीसाठी’ म्हणून खूण करायची सोयही देतो. पुढचे हजार क्लिक माउसचे असले तरी त्या सगळ्यांच्या मुळाशी ही एक खूण असते. अनेक बँकांची ॲप एवढ्यावरही विश्वास ठेवत नाहीत. ती उघडली की संगणकावर फोनची स्क्रीन काळी पडते.

कायद्यानेही जवळपास हाच धागा पकडला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या कलम 11 नुसार इलेक्ट्रॉनिक संदेश तीन प्रकारे पाठवणाऱ्याचा ठरतो: त्याने स्वतः पाठवला, त्याने अधिकार दिलेल्या माणसाने पाठवला, किंवा त्याने आपोआप चालण्यासाठी लावून ठेवलेल्या यंत्रणेने पाठवला. बटण कोणत्या बोटाने दाबले याला इथे फारसे महत्त्व नाही, अधिकार कोणाकडून आला याला आहे.

पण ताबा यंत्रावर असतो तसा माणसावरही असतो, आणि दोन्हींत मोठा फरक आहे. याचे उदाहरण औंध संस्थानातच सापडते. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938-39 मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. याच सुमारास मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. तिला भिंती नव्हत्या. कैदी कुटुंबासह राहत आणि शेती करत. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) याच प्रयोगावरून सुचला. इथेही ताबा दुरूनच होता, पण थांबायचे की पळायचे हे दर रात्री कैदी स्वतः ठरवत असे. त्याचे कर्तेपण कुणी काढून घेतले नव्हते, उलट त्याच्याच हाती दिले होते. पुढे याच फ्रिडमननी मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणली. मी कर्ता आहे हा समजच भ्रम, ही महाराजांची शिकवण. दोन्ही कामे एकाच माणसाने केली यात विसंगती काढता येईल, पण भ्रमाचा उलगडा होण्याआधी माणसाच्या हाती कर्तेपण असावे लागते, असेही म्हणता येईल.

ऑनलाइन ठगांची रीत नेमकी उलटी. स्वतःला बँकेचा माणूस म्हणवणारा फोनवरून एक ॲप घ्यायला लावतो, त्यात दिसणारा कोड विचारतो आणि फोन ताब्यात घेतो. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये एनीडेस्क या दुरून ताबा देणाऱ्या ॲपच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते. काही वेळा तर फोनचा ताबा घ्यायचीही गरज पडत नाही. पलीकडचा सांगत जातो आणि घाबरलेला माणूस स्वतःच्या बोटाने पैसे पाठवतो. तेव्हा करण झालेला असतो तो माणूस. त्याची अनुमती भीतीने किंवा फसवणुकीने काढलेली असते. म्हणून पाप ठगाचेच, पण कोड सांगणे ही कृती फसलेल्याची राहते. 2017च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने ही वाटणी अशी केली आहे: ग्राहकाने गुप्त माहिती सांगितल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा, आणि कळवल्यानंतरचा बँकेचा.