सल्ला ही अमानत

ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो, तो अमानतदार ठरतो, अशी आदरणीय प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मदरशात ही हदीस मी लहानपणीच पाठ केली होती. तिचे ओझे मात्र गेल्या वर्षी, इस्लापूरच्या मशिदीच्या ओसरीवर, प्रथमच जाणवले.

अस्रची नमाज आटोपून लोक पांगले होते. एक व्यक्ती वजूखान्याच्या भिंतीशी थांबून राहिली. मुलगा म्हणून जन्मलेली, पण कळायला लागल्यापासून स्वतःला स्त्री मानणारी. काही वाचकांना खटकेल, तरी मी तिचा उल्लेख ‘ती’ असाच करीत आहे. कुणाची थट्टा करू नये, कुणाला बोचणाऱ्या नावाने पुकारू नये, असे सूरह हुजुरात (४९:११) आपल्याला बजावते. तिने रुमालाची गाठ सोडून गोळ्यांची एक पट्टी पुढे केली आणि विचारले, “मौलाना, ही गोळी घेऊ का?”

मी पट्टीकडे पाहिलेही नाही. “हे हराम आहे, तौबा करा,” एवढे म्हणून मी उठलो.

चार महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा लंगडत होती. डाव्या पायाची पोटरी सुजून कडक झाली होती. त्या गोळ्या स्त्रियांच्या संततिनियमनाच्या होत्या, हे मला तेव्हा कळले. कुणा मैत्रिणीने सांगितले म्हणून त्या सुरू केल्या. एका गोळीने फरक पडेना म्हणून दिवसाला तीन घेतल्या. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती, रक्ताची तपासणी नव्हती. मी दार लावून घेतल्यावर तिच्यासाठी फक्त औषध दुकानाचा गल्ला उघडा राहिला होता.

प्रिय वाचकहो, माझा प्रश्न इथून सुरू होतो. एखादी वाट शरीअतसंमत नाही, असे आपले मत असेल, तर त्या वाटेवरच्या माणसाच्या जिवाबद्दलची आपली जबाबदारी संपते काय?

प्रथम मतांविषयी. १९८९ साली मक्केतील इस्लामी फिक्ह अकादमीने निर्णय दिला, की ज्याचे पुरुषत्व वा स्त्रीत्व शरीराने स्पष्ट आहे, त्याने ते बदलू नये. ज्याच्या शरीरात दोन्हींची लक्षणे आहेत, त्याच्यावर मात्र शस्त्रक्रियेने किंवा हार्मोनने उपचार करता येतील. त्याच्या आदल्या वर्षी इजिप्तचे तत्कालीन मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी अल-अझहरच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रकरणात फतवा दिला. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने लावला. इराणमध्ये आयतुल्लाह खुमैनी यांनी अशा उपचारांना परवानगी दिली. आपल्या देशातील हनफी उलमांचा मोठा वर्ग पहिल्या मताचा आहे. माझे शिक्षणही त्याच परंपरेत झाले आणि तिच्यावर निवाडा करण्याएवढा माझा अधिकार नाही.

परंतु त्याच परंपरेने मला आणखी दोन गोष्टी शिकवल्या. इमाम नववी (रह.) सहीह मुस्लिमच्या भाष्यात लिहितात, की ज्याचा स्वभाव व हावभाव जन्मतःच स्त्रीसारखे आहेत, त्याच्यावर दोष नाही, दोष आहे तो मुद्दाम सोंग घेणाऱ्यावर. दुसरी गोष्ट अबू दाऊदच्या संग्रहातील. हातापायांना मेंदी लावलेल्या अशाच एका व्यक्तीला प्रेषितांसमोर (स.) आणण्यात आले. तिला मदीनेबाहेर नकीअ या ठिकाणी पाठवण्यात आले. लोकांनी विचारले, की तिला ठार का करू नये? प्रेषितांनी (स.) नकार दिला, नमाज पढणाऱ्यांचा जीव घेण्यास मला मनाई आहे, असे सांगितले. म्हणजे जिथे नापसंती होती, तिथेही जीव सुरक्षित राहिला. माझ्या ओसरीवर नापसंती तेवढी उरली होती.

आता औषधांविषयी. दुसऱ्या भेटीनंतर मी जाणकार डॉक्टरांना विचारून हे समजून घेतले, कारण ठाऊक नसेल तर जाणणाऱ्यांना विचारा, असा कुरआनचा (१६:४३) आदेश आहे. या उपचारात सामान्यतः दोन प्रकारची औषधे असतात. एक स्त्री-हार्मोन, म्हणजे इस्ट्रोजेन, पुरवते. दुसरे पुरुष-हार्मोनचा प्रभाव रोखते. संततिनियमनाच्या बहुतेक गोळ्यांत इथिनिल इस्ट्राडायॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन असते. त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून या उपचारासाठी आज ते टाळतात आणि शरीरात नैसर्गिकपणे असते तेच इस्ट्राडायॉल वापरतात. ते गोळी, त्वचेवरील जेल, पट्टी वा इंजेक्शन या रूपांत देतात. वय जास्त असेल किंवा गुठळीचा धोका असेल, तर त्वचेवाटे देणे अधिक सुरक्षित मानले जाते. दुसऱ्या प्रकारातील स्पायरोनोलॅक्टोनने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. सायप्रोटेरोन जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका संभवतो. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते. मात्रा तिप्पट केल्याने बदल तिप्पट वेगाने होत नाहीत. त्यांना दोन-तीन वर्षे लागतातच. छातीची वाढ मागे फिरत नाही, अपत्यक्षमता कायमची जाऊ शकते, आणि आवाज या औषधांनी बदलत नाही. एका पायाला सूज व वेदना, छातीत कळ किंवा अचानक धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर तासभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

आक्षेप येईल, की ही माहिती देणे म्हणजे गुनाहाला मदत करणे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पापात साहाय्य करू नये, हा कुरआनचाच (५:२) आदेश आहे. परंतु विचार करा. रात्री एक माणूस अशा वाटेने निघाला आहे, जिने त्याने जाऊ नये असे तुम्हाला वाटते. त्या वाटेवर कठडा नसलेली विहीर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘जाऊ नको’ हे तुम्ही सांगालच. पण ऐकले नाही म्हणून विहीर लपवून ठेवाल काय? फिक्हच्या ग्रंथांत तर रहदारीच्या वाटेवर विहीर खोदणाऱ्यावर दियतची, म्हणजे रक्तभरपाईची, जबाबदारी टाकली आहे. आपल्या घृणेने आपणही एक विहीर खोदत असतो.

शिवाय दोन हानींपैकी एक अटळ असेल तर हलकी पत्करावी, हे उसूल आपणच शिकवतो. वैद्यक न जाणता उपचार करणारा नुकसानीस जबाबदार ठरतो, ही हदीसही आपणच सांगतो. रोजा सोडावा की नाही, या प्रश्नातही हनफी फिक्ह ‘तबीब-ए-हाजिक’चा, म्हणजे निष्णात वैद्याचा, शब्द मानते. मग इथेच मैत्रिणीचा शब्द आणि दुकानाचा गल्ला पुरे, असे आपण का ठरवतो? २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या कायद्यात हार्मोन उपचार व समुपदेशनाची तरतूद करण्यात आली. पण जिथे विचारायचीच भीती वाटते, तिथे कायदा पोहोचत नाही.

त्या दिवशी मी तिच्यासोबत नांदेडला गेलो. रुग्णालयाच्या बाकावर आम्ही दोघे शेजारी बसलो. जाणारे-येणारे पाहत होते. डॉक्टरांनी त्या गोळ्या तत्काळ बंद केल्या, पोटरीतील गुठळीवर उपचार सुरू झाले. पुढे काय करायचे, हा निर्णय तिचा आहे आणि त्याचा हिशेब तिचा व तिच्या पालनकर्त्याचा. तिने मला विचारलेल्या प्रश्नाचा हिशेब मात्र माझ्याकडून घेतला जाईल.

माझ्या इमाम बंधूंना आणि अशा मुलांच्या आईवडिलांना एवढीच विनंती आहे. हुकूम सांगण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: काय घेत आहेस? कुणी सांगितले? तपासणी झाली आहे का? त्यानंतर आपले मत जरूर सांगा, पण तिला उठून जावेसे वाटणार नाही अशा शब्दांत. अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.