मापातले पाप

मापात पाप नसावे असे आपण म्हणतो, तेव्हा माप खरे असू शकते हे धरूनच चालतो. पण खरे म्हणजे कशाला धरून खरे? भंडारा जिल्ह्यात धान खंडी, कुडो आणि पायलीने मोजत. 20 कुडोंची एक खंडी. पायली तीच, पण तोंडावरून हात फिरवून सपाट केली तर धान वेगळे भरते आणि तोंडावर रास करून शीग लावली तर वेगळे. घेणाऱ्याने शीग लावून घ्यावी आणि देताना सपाट द्यावी, यात पायलीला खोटी कोण म्हणणार? फ्रान्समध्येही 1789 मध्ये लोकांनी राजापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्यांत सरदारांच्या मापांविषयीची तक्रार पुन्हा पुन्हा येते. दशमान मापांचा उगम प्रयोगशाळेत शोधला जातो. निम्मा तरी या गाऱ्हाण्यांत आहे.

दहा हा निसर्गाचाच नियम आहे, असे कोणी म्हणेल. मग भास्कराचार्यांच्या 1150 मधल्या ‘लीलावती’त संख्या दहापटीने चढतात आणि मापे मात्र 8 यवांचे अंगुळ, 24 अंगुळांचा हात अशी का? कारण वाटणी करताना 24 चे निम्मे, तिसरा हिस्सा, पाव सहज निघतात. दहा ही कागदावर हिशेब करणाऱ्याची सोय. मापाला दिलेला पृथ्वीचा आधारही असाच लंगडा ठरला. ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे 1791 मध्ये ठरले. देलांब्र आणि मेशें या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी डंकर्क ते बार्सिलोना मोजणी केली, तरी मीटर सुमारे 0.2 मिलिमीटर आखूडच राहिला. तो कोणी दुरुस्त केला नाही, आणि जगाचे काही अडले नाही.

मग हा नुसता संकेतच. सरदार जाऊन सरकार आले, एवढाच फरक? आपल्याकडेही 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे वरूनच आली, हे खरे. पण संकेत म्हणजे मनमानी नव्हे. सरदाराचे माप सरदाराच्याच घरी असे. किलोग्रॅम 2019 पासून पॅरिसजवळच्या धातूच्या ठोकळ्यावरही अवलंबून नाही, आणि साधने असतील तो कोणीही तो पडताळू शकतो. मापाचा न्याय दहात नाही, पृथ्वीतही नाही. तो या पडताळणीत आहे. किलोला शीग लागत नाही, पण धान खरेदीत आता 17 टक्के ओलाव्याची मर्यादा पाहतात. ओलावा मोजणारे यंत्र ज्याचे धान त्यालाही तपासता आले पाहिजे. नाहीतर पायली गेली, शीग राहिली.