पत्रातील चूक

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी अधिकाऱ्याच्या हाती दिवसभर मसुदे असतात. मसुदा पुढे आला की लेखणी उचलावयाची ती दुरुस्तीसाठीच, ही सवय त्याच्या अंगी मुरते. घरच्या पत्रालाही ती लावावी काय, हा प्रश्न आमच्यापुढे दोन ओळींनी उभा केला.

आमच्या मातोश्री निवर्तल्यावर, लखनौस वाढलेल्या पुतणीने मोबाइलवरून लिहिले, 'आजीची खूप याद येते. परीक्षेच्या वेळी तिने माझी मदत केली होती.' आम्ही तत्परतेने उत्तर धाडले, 'याद नव्हे, आठवण. माझी मदत नव्हे, मला मदत.' उत्तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते; मात्र आजीविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. पुतणीचे पुढचे पत्र इंग्रजीत आले. त्यात काढण्याजोगी एकही चूक नव्हती.

मग चूक दिसूनही मौन धरावे काय? तसेही आम्हास वाटत नाही. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. एखादी शिक्षिका 'मी मुलांना शिक्षा देते' असे अभिमानाने पुण्याच्या आप्तांना लिहू लागली, तर तिला वेळीच न सावध करणे हे सौजन्य नव्हे. तो परकेपणा होय.

तथापि शुद्धतेचा ताठाही फार दिवस टिकत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी 'नांव', 'घरें' असे अनुस्वार देऊन लिहिले. साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि ते अनुस्वार गेले. कालचे शुद्ध आज अशुद्ध ठरले. तंजावरची मराठी पुणेकराच्या कानाला वेगळी लागते. परंतु बृहदीश्वराच्या मंदिरात भोसलेकुळाचा इतिहास १८०३ साली मराठीतच कोरला गेला. प्रत्येक वेगळेपण म्हणजे चूक नव्हे.

आमच्या मते कसोटी एकच : दुरुस्तीने लाभ कोणाचा होणार, लिहिणाऱ्याचा की आपल्या अहंकाराचा? अर्थाचा घात होत असेल तर सांगावे, पण एकांतात. केवळ वळणाचा फरक असेल तर आपल्या उत्तरात योग्य शब्द सहज योजावा. ज्याला घ्यावयाचा तो घेईल. आणि दुःखाच्या पत्रास प्रथम दुःखानेच उत्तर द्यावे.

आईची आठवण आम्हालाही येते, एवढेच परवा पुतणीला लिहिले. उत्तराची वाट पाहत आहोत. ते कोणत्या भाषेत येईल, हे सांगवत नाही.