रंगलेला तास

एखाद्या प्रोफेसराचा तास रंगला असें आपण म्हणतों तेव्हां नेमकी कोणत्या गोष्टीची साक्ष देतों? बोलणाऱ्याची वाणी ओघवती होती, वर्ग तल्लीन झाला होता, मधून मधून हशा पिकत होता आणि घंटा झालेली कोणास कळली नाहीं, इतकें आपण निश्चित जाणतों. त्या तासांत कोणी कांहीं शिकलें कीं नाहीं, याविषयीं मात्र आपल्यापाशीं कसलाहि पुरावा नसतो. तरीहि ज्याचे तास रंगतात त्याला उत्तम शिक्षक ही पदवी आपण बिनदिक्कत बहाल करतों. प्रस्तुत लेखक ही पदवी जवळ जवळ तीस वर्षें उपभोगीत आला आहे. ती आपल्या हातीं न्यायानें आली होती काय, ही शंका गेलीं कांहीं वर्षें त्याची पाठ सोडीत नाहीं.

माझा विषय पदार्थविज्ञान. न्यूटनच्या तिसऱ्या नियमावर माझें एक व्याख्यान होतें. ‘होतें’ असा भूतकाळ लिहितांना अजूनहि थोडें जड जातें. त्यांत एक तर्कपटु घोडा गाडीवानास म्हणतो, ‘मीं गाडी जितक्या जोरानें ओढावी तितक्याच जोरानें ती मला मागें ओढणार, असें तुमचा न्यूटनच सांगतो ना? मग मीं उगाच कष्ट कां घ्यावे?’ घोड्याचा तोरा आणि गाडीवानाचा संताप, दोन्ही मी वठवीत असें. अखेरीस घोड्याच्या युक्तिवादांतील चूक उघड करावयाची: हीं दोन बलें दोन निरनिराळ्या वस्तूंवर आहेत, घोडा खुरांनीं रस्त्याला मागें रेटतो म्हणून रस्ता त्याला पुढें लोटतो. एवढें सांगून मी फळा पुसावयास वळलों कीं टाळ्या पडत. शेजारच्या वर्गांतलीं मुलेंहि दाराशीं येऊन उभीं राहत.

एके वर्षीं त्या व्याख्यानानंतर आठ दिवसांनीं मीं वर्गाला एक साधा प्रश्न लिहून दिला. भरलेली मालमोटार आणि एक छोटी मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली. कोणी कोणावर अधिक बल लावलें? आकडेमोड नाहीं, सूत्र नाहीं. निम्म्याहून अधिक वर्गानें उत्तर दिलें, मालमोटारीनें. त्यांत टाळ्या वाजविणारे होते, नियम तोंडपाठ म्हणणारे होते, आणि त्याच नियमावरचीं गणितें परीक्षेंत बिनचूक सोडविणारेहि होते. उत्तरें तपासून झाल्यावर मी कितीतरी वेळ तसाच बसून होतों.

हा प्रश्न माझ्या कल्पनेंतला नव्हे. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्याच्या विद्यापीठांत हॅलून आणि हेस्टेनेस या दोघांनीं अशाच तऱ्हेच्या प्रश्नांची एक चाचणी तयार केली आणि १९८५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यार्थी वर्गांत येतो तो कोऱ्या पाटीनें येत नाहीं; गति आणि बल यांविषयींच्या पक्क्या समजुती तो बरोबर घेऊन येतो, आणि सबंध सत्राच्या व्याख्यानांनीं त्या फारशा हलत नाहींत, असें त्यांना आढळलें. याहून झोंबणारी गोष्ट पुढेंच आहे. त्यांनीं पाहिलेले चार प्रोफेसर चार निरनिराळ्या ढंगांनीं शिकविणारे होते. पण विद्यार्थ्यांच्या समजुतींत पडलेला फरक चौघांच्याहि वर्गांत जवळ जवळ सारखाच निघाला. ज्या वैशिष्ट्यावर आम्ही मिशीला पीळ भरतों, त्याचा मुलांच्या समजुतीवर कांहींच ठसा उमटला नव्हता.

हा निबंध हार्वर्डच्या एरिक मॅझुर यांच्या वाचनांत आला तेव्हां ते तेथें सहा वर्षें शिकवीत होते, आणि विद्यार्थी त्यांच्यावर खूष होते. आपल्या वर्गाला हें लागू नाहीं अशा खात्रीनें त्यांनीं ते प्रश्न घातले. एका विद्यार्थिनीनें विचारलें कीं, उत्तरें तुम्ही शिकविल्याप्रमाणें लिहावयाचीं कीं मला वाटतें त्याप्रमाणें? हा प्रश्न वाचला त्या दिवशीं मला आमच्या सर्व धंद्याची कींव आली. मॅझुर यांनीं मात्र कींव करीत न बसतां १९९१ पासून आपली पद्धति बदलली. थोडें बोलून एक प्रश्न टाकावयाचा. प्रत्येकानें आधीं एकट्यानें उत्तर ठरवावयाचें, मग शेजाऱ्याशीं वाद घालावयाचा आणि पुन्हां उत्तर द्यावयाचें. ज्याला नुकतेंच कळलें आहे त्याला आपण कोठें अडलों होतों हें आठवतें. प्रोफेसर तें केव्हांच विसरलेला असतो.

पुढें या विषयावर संशोधनाचा ढीगच पडला. रिचर्ड हेक यांनीं १९९८ सालीं ६२ वर्गांतील साडेसहा हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. आरंभीच्या आणि अखेरच्या चाचणींमध्यें जितकी सुधारणा शक्य होती तिच्यापैकीं सरासरी २३ टक्के व्याख्यानांच्या वर्गांनीं साधली, तर विद्यार्थ्यांना स्वतः खटपट करावयास लावणाऱ्या वर्गांनीं ४८ टक्के. २०१४ सालीं स्कॉट फ्रीमन आणि त्यांचे सहकारी यांनीं विज्ञान व गणित या शाखांतील २२५ अभ्यास पडताळून पाहिले. व्याख्यानांच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचें प्रमाण दुसऱ्या प्रकारच्या वर्गांच्या सुमारें दीडपट निघालें. त्यांनीं एक शेराहि मारला आहे: हे औषधांचे प्रयोग असते, तर ते मध्येंच थांबवून नवें औषध सर्वांना देण्याचा विचार करावा लागला असता. येथवर येतांच शिक्षणशास्त्राचा प्रश्न नीतीचा प्रश्न होतो. जुनें औषध देतांना वैद्याचा हात सराईत झाला आहे, आणि तें रोग्याला गोड लागतें, या सबबी वैद्यकांत चालत नाहींत. मग त्या वर्गांत कां चालाव्या?

गोडीची गोष्ट निघाली म्हणून त्या विषयावरील एका प्रयोगापाशीं थोडें थांबतों. २०१९ सालीं हार्वर्डमध्येंच लुई देलोरिए प्रभृतींनीं एका वर्गाचे, चिठ्ठ्या टाकाव्या तसे, दोन गट पाडले. पाठ तोच, छापील टिपणें तींच. एका गटापुढें अनुभवी प्रोफेसरानें सफाईदार व्याख्यान दिलें. दुसऱ्याला तींच उदाहरणें आधीं स्वतः झगडून पाहावयास लावलीं व मग उलगडा केला. पुढच्या पाठाच्या वेळीं गटांची अदलाबदल झाली. झगडणारा गट चाचणींत वरचढ ठरला. पण ‘आज पुष्कळ शिकलों’ ही भावना मात्र ऐकणाऱ्या गटांत अधिक आढळली.

प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ संवादांत सॉक्रेटिसानें एक चित्र रंगविलें आहे: मुलांच्या पंचायतीपुढें आचाऱ्यानें वैद्यावर फिर्याद केली तर वैद्याची धडगत नाहीं. माझ्या वयाचे प्रोफेसर विद्यार्थ्यांच्या अभिप्रायपत्रिकांविषयीं बोलतांना याच चालीवर बोलतात. मुलांना काय समजतें, असा त्यांचा सूर असतो. मला तो मान्य नाहीं. आमचे विद्यार्थी मतदार झालेले नागरिक आहेत. आपल्या हिताविषयीं बोलण्याचा त्यांचा अधिकार मी कोण हिरावून घेणार? शिवाय या प्रकरणांत एकटीं मुलेंच फसलेलीं नाहींत. दुसऱ्याचा विचार सुरळीत वाहतांना पाहिला कीं तो आपल्याच डोक्यांत वाहतो आहे असा भास होतो, आणि आपला स्वतःचा अडखळला कीं आपण मागें पडलों असें वाटतें. ऐकणाऱ्याला हा भास होतो तसाच बोलणाऱ्यालाहि होतो; माझें बोलणें मला सुगम वाटलें म्हणून मुलांनाहि कळलें, असें मी तीस वर्षें धरून चाललों. फिर्यादी आणि आरोपी एकाच भ्रमांत असतील तर मुलांना दोष देऊन कांहीं साधत नाहीं. त्यांना ही गोष्ट उघड सांगणें एवढेंच प्रामाणिकपणाचें आहे, आणि वर्षारंभीं ती सांगितली तर पुष्कळ विद्यार्थी ती समजूनहि घेतात, असें त्याच संशोधकांना आढळलें.

व्याख्यानाच्या बाजूनें एक मुद्दा माझ्या मनांत फार दिवस घर करून होता. मी या विषयाकडे वळलों तो कॉलेजांतल्या एका गुरुजींच्या व्याख्यानांमुळें. त्यांनीं प्रकाशाविषयीं बोलावें आणि आम्हीं श्वास रोखून ऐकावें. आठ दिवसांनीं घेतलेल्या कोणत्या चाचणींत हें मोजणार? अजूनहि मला हा मुद्दा सर्वस्वीं पोकळ वाटत नाहीं. पण त्या वर्गांतले माझे सोबती मी आतां आठवूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं त्यांतले कितीतरी जण पुढच्या वर्षीं विज्ञान सोडून गेले होते, आणि त्यांत खेड्यांतून मराठी शाळा करून आलेले बरेच होते. त्यांनीं तींच व्याख्यानें, तशाच तल्लीनतेनें, इंग्रजींत ऐकलीं होतीं. माझ्या घरीं पुस्तकें होतीं आणि अडलें तर विचारावयास वडील होते. वर्गांत फुललेलें कुतूहल मला घरीं नेऊन पोसतां आलें. पुरांतून पोहून आलेल्यानें पुराचे गोडवे गावे, तसें माझें होत होतें. अमेरिकेंत २०२० सालीं थिओबाल्ड प्रभृतींनीं पुष्कळ वर्गांचे निकाल एकत्र करून दाखविलें कीं, विद्यार्थ्यांना स्वतः काम करावयास लावलें असतां तेथील उपेक्षित समाजांतल्या मुलांचें आणि इतरांचें परीक्षेंतलें अंतर सुमारें एक तृतीयांशानें घटतें. तेथील समाज आणि आपला समाज एक नव्हे, हें मी जाणतों. पण व्याख्यान कोणाला पुरतें आणि कोणाला अपुरें पडतें, हें समजण्यास मला आतां अमेरिकेच्या आंकड्यांची जरूर उरलेली नाहीं.

तेव्हां मीं पद्धति बदलली. आणि ती बदलल्याबद्दल मला कोणी हार घातले नाहींत. पहिल्याच सत्रांत कांहीं विद्यार्थी वरिष्ठांकडे गेले: सर शिकवीत नाहींत, आमच्याकडूनच करवून घेतात. अभिप्रायपत्रिकांत माझे गुण घसरले, आणि त्यावर एका सभेंत मला खुलासा द्यावा लागला. माझा खुलासा सभेनें शांतपणें ऐकून घेतला आणि पुढचा विषय घेतला. आतां माझें बोलणें पंधरा मिनिटांवर जात नाहीं. मग प्रश्न, आणि प्रश्नानंतर ती शांतता, जी आरंभीं मला अगदीं सोसवत नसे. नंतर वर्गांत गलबला होतो, अर्धा इंग्रजींत आणि अर्धा मराठींत, आणि मी बांकांमधून हिंडत कान देतों. कधीं कधीं ऐकूं येणाऱ्या चुका इतक्या सुरेख असतात कीं त्या करणाऱ्याची पाठ थोपटावीशी वाटते.

घोड्याची गोष्ट मात्र मीं टाकलेली नाहीं. मालमोटारीचा प्रश्न सुटल्यावर, प्रकरणाच्या शेवटच्या दिवशीं, ती सांगतों. त्यांत माझा थोडा स्वार्थ आहे, हें कबूल केलें पाहिजे. हशा पूर्वीइतका होत नाहीं, कारण घोडा कोठें चुकतो हें मुलांना आधींच ठाऊक असतें. यंदा मी फळा पुसावयास वळणार इतक्यांत मागच्या बांकावरच्या एका मुलीनें हात वर केला. रस्ता घोड्याला पुढें लोटतो, तर घोडा पृथ्वीला मागें लोटीत असला पाहिजे. मग पृथ्वी मागें सरकते कां, आणि सरकत असेल तर आपल्याला दिसत कां नाहीं? इतक्या वर्षांत टाळ्या वाजविणाऱ्यांपैकीं हें मला कोणी विचारलें नव्हतें. उत्तर अगदीं ओठांवर आलें होतें, आणि तें सांगतांना तास पुन्हां एकदां रंगला असता. मीं खडू खालीं ठेवला आणि शेजारणीशीं बोलून पाहा म्हणून सांगितलें.