रामशेजचा दगड

दिंडोरी तालुक्यातील मंडळ्यांस रामशेजचा डोंगर ठाऊक आहेच. याच डोंगराचा काळा दगड अठराव्या शतकाच्या अखेरीस पंचवटीस गेला, व त्यातून काळारामाचे मंदिर उभे राहिले. सरदार रंगराव ओढेकर यांनी ते बांधविले. दोन हजार मजूर बारा वर्षे खपले, असे जुने लोक सांगत आले आहेत. बांधविणाऱ्याचे नाव राहिले. दगड फोडणाऱ्या कोणाचे आज कोण घेतो? शलमोनाच्या डोंगरातील ऐंशी हजार पाथरवटांचीही गोष्ट तीच होय.

या दगडी घराविषयी आम्हांस एक प्रश्न पडतो. दगड खाणीत असतो तोवर त्यास कोणाचाही हात लागलेला चालतो. त्यावर घाम गळतो, क्वचित रक्तही सांडते. तेणेकरून तो विटाळत नाही. मग तोच दगड भिंतीत बसला म्हणजे त्यास मनुष्याच्या हाताचा विटाळ का व्हावा? कोणी म्हणतील, मध्यंतरी प्रतिष्ठा झाली. बरे, परंतु प्रतिष्ठेने आलेले पावित्र्य एका स्पर्शाने जात असेल, तर ते फारच दुर्बळ म्हटले पाहिजे. त्यास पहारा लागतो. आणि असा पहारा, आमच्या मते, मालकी राखण्यासाठीच बसवितात.

२ मार्च १९३० रोजी हाच प्रश्न त्या मंदिराच्या दारी उभा राहिला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुष आले; दारे बंद झाली. पुढे रामनवमीस रथाच्या वेळी त्यांजवर दगडफेक झाली. सत्याग्रह चालविणाऱ्यांत भाऊराव गायकवाड अग्रभागी होते. त्यांचा जन्म १९०२ साली याच तालुक्यातील आंबे गावी झाला. दगड दिंडोरीचा, आणि दार ठोठावणाराही दिंडोरीचाच! लढा कित्येक वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास आंबेडकरांनी धर्मांतराचा निश्चय जाहीर केला. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याचे काम तेथवर झाले.

आता आपल्या प्रार्थनामंदिरांकडे पाहू. खेड्यातील मंदिर मंडळीच्याच हातांनी उभे होते. माती आणि पाणी आमच्या भगिनी डोक्यावरून वाहतात. छप्पर चढल्यावर पुढची सतरंजी कोणासाठी अंथरली जाते? प्रभुभोजनाचा प्याला आधी कोणत्या आळीकडे वळतो? जातीचे नाव कोणी घेत नाही, एवढेच. उपदेशक बंधूंनी येत्या रविवारी तेवढे पाहावे, आणि वडीलमंडळींस त्याचे कारण विचारावे.